आधीचा मालक बघा

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की माझ्या गॅरेजात विद्यार्थी येऊ लागतात. कर्वेनगर, वारजे, कोथरूड हा सगळा भाग कॉलेजांचा. बहुतेक मुलांकडे दुचाकी असते आणि तिचं काम मी करत नाही. माझ्याकडे येतात ती मुलं जुनी चारचाकी घ्यायचं ठरवून येतात. कुणाला चाकणच्या कंपनीत इंटर्नशिप लागलेली असते आणि पावसाळ्यात नाशिक रस्त्याला दुचाकी घालायला घरचे तयार नसतात. कुणाच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. हातात मोबाईल, त्यात पाच-सहा गाड्यांचे फोटो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काका, यातली कुठली घेऊ?"

फोटो बघून मी कुणाला गाडी सांगत नाही. मी उलट विचारतो, "ही गाडी चालवत कोण होतं?" बहुतेक वेळा उत्तर नसतं. गाडी एजंटकडे उभी असते, त्याच्या आधी ती कुणाकडे होती हे मुलांनी विचारलेलंच नसतं. नाना पेठेत वस्तादांच्या हाताखाली काम शिकलो तेव्हापासून इंजिनं उघडतोय, आणि एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. दहा-बारा वर्षांची गाडी घेताना कंपनी आणि मॉडेल ठरवायला फार वेळ लागत नाही, लागूही नये. उरलेला सगळा वेळ आधीच्या मालकाला ओळखण्यात घालवावा. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन गाड्या बारा वर्षांनी माझ्या रॅम्पवर आल्या, तर त्यांच्यात काहीही सारखं उरलेलं नसतं. एकीचं इंजिन अजून लाखभर किलोमीटर जाईल असं असतं, दुसरीचं उघडायलाच आलेलं असतं. हा फरक कारखान्याने पाडलेला नसतो.

पण त्याआधी पैशांचं बोलायला हवं, कारण मुलं इथेच अडकतात. मुलगा सांगतो, बजेट दीड लाख. म्हणजे घरून मिळालेले, शिष्यवृत्तीतून वाचवलेले आणि मामाकडून उसने आणलेले मिळून दीड लाख. तो दीड लाखाची गाडी शोधत असतो. मी त्याला सांगतो, तू एक लाख दहा हजारांची गाडी शोध. त्याला वाटतं, काका आपल्याला हलकी गाडी घ्यायला लावतायत. तसं नाही. नाव ट्रान्सफर करायला पैसे लागतात, विम्याला लागतात. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल बदलायचं, मग मालक "परवाच सर्व्हिसिंग केलंय" म्हणाला तरी. छोट्या गाडीचे चार टायर घालायचे तर बारा-चौदा हजार जातात, बॅटरीचे चार-साडेचार. त्यात क्लच प्लेट निघाली तर पुन्हा तेवढेच. सगळे पैसे गाडीतच घातलेला मुलगा पुढे काय करतो ते मी बघत आलोय. ब्रेकमधून खरखर येऊ लागते, पॅड संपल्याचं त्याला कळतं आणि घरून पुढचे पैसे येईपर्यंत तो गाडी तशीच चालवतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. म्हणून बजेटचा चौथा हिस्सा खिशात ठेवूनच गाडी बघायला निघायचं. यावर मी कुणाशी तडजोड करत नाही.

आता मॉडेल. साधी, छोटी, पेट्रोलवर चालणारी, गिअरची गाडी. रस्त्यावर जी सगळ्यात जास्त दिसते ती. आल्टो, वॅगन आर, आय-टेन. दिसायला कुणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत, पण सांगोल्याच्या अलीकडे किंवा सावंतवाडीच्या पलीकडे बंद पडल्या तरी तिथल्या मिस्त्रीला त्या उघडता येतात आणि पार्ट तालुक्याच्या गावी मिळतो. विद्यार्थ्याच्या गाडीत मला भरवसा हवा असतो तो हा. एक तांत्रिक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. जुन्या आठशे सीसीच्या आल्टोला, जुन्या सँट्रोला टायमिंग बेल्ट असतो. मारुतीच्या के-सिरीज इंजिनाला, म्हणजे आल्टो के-टेन किंवा २०१० नंतरच्या वॅगन आरला, चेन असते. बेल्ट वाईट नसतो, पण तो वेळेवर बदलावा लागतो. कधी बदलला हे मालकाला सांगता आलं नाही, तर बदललेलाच नाही असं धरून भावातून तो खर्च वजा करायचा.

याच पैशात मोठी गाडीही मिळते, आणि मोह तिथेच होतो. सनरूफ, लेदरच्या सीट, डिझेल इंजिन, एके काळी दहा-बारा लाखांना घेतलेली सेडान दीड लाखात उभी असते. मुलांचे डोळे चमकतात. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. त्या सेडानचा टर्बो, तिचे इंजेक्टर, तिचा क्लच सेट आजही दहा लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतो. यातल्या बऱ्याच गाड्या दिल्लीकडून आलेल्या असतात. तिथे २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आली, सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये तो आदेश कायम ठेवला. तेव्हापासून तिकडच्या मालकांना गाडी वेळेत राज्याबाहेर काढण्याची घाई झाली आणि गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. स्वस्त दिसतात, पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि इथली नवी नोंदणी हे सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. शिवाय ती गाडी तिकडे कुणी, कशी चालवली हे विचारायला माणूसच समोर नसतो. माझ्या लेखी एवढं एकच कारण ती न घ्यायला पुरेसं आहे.

मूळची बार्शीची एक मुलगी, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती, तिची गोष्ट सांगतो. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचं काम तिला मिळालं होतं. सकाळी औंध, दुपारी सिंहगड रोड, संध्याकाळी कोंढवा. सोबत मशीनची जड बॅग. तिने तीन गाड्या शोधल्या होत्या, मॉडेल तिन्हींचं एकच, साल साधारण एकच. "काका, एक सकाळ द्याल का?" म्हणाली. तिन्ही मालकांना मी तिच्याकडून एकच निरोप पाठवला, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.

पहिली गाडी एजंटच्या मैदानावर होती. पॉलिश मारून चकचकीत केलेली, मीटरवर अडतीस हजार. मी बॉनेटवर हात ठेवला, तर गरम. निरोप देऊनही आम्ही पोचण्याआधी इंजिन तापवून ठेवलेलं होतं. थंड इंजिन सेल मारल्यावर कसं उठतं, पहिल्या मिनिटाला आतून खडखड येते का, मागून निळा धूर निघतो का, हे सगळं तापलेल्या इंजिनात झाकलं जातं. थंडीच्या दिवसांत सकाळी पांढरी वाफ येऊन दोन मिनिटांत विरते, ती पाण्याची असते, तिला घाबरायचं नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय. या गाडीत ते बघायची सोय ठेवली नव्हती, म्हणून मी दुसरीकडून सुरुवात केली. क्लचच्या पॅडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली, स्टिअरिंगवर नवं कोरं कव्हर. अडतीस हजार किलोमीटरमध्ये पॅडलचं रबर असं होत नाही. डिजिटल मीटर मागे नेता येतो, पॅडलचं रबर मागे नेता येत नाही. शिवाय डाव्या मडगार्डचे बोल्ट पान्याने उघडल्याच्या खुणा होत्या आणि पुढच्या काचेवरची खूण बाकीच्या काचांशी जुळत नव्हती. काच दगड लागूनही बदलावी लागते, तो काही गुन्हा नाही. पण मी "पुढून ठोकली होती का?" म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "एकदम नॉन-ॲक्सिडेंटल, लिहून देतो." जो माणूस दिसत्या गोष्टीबद्दल खरं बोलत नाही, तो न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. आम्ही निघालो.

दुसरी गाडी सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त सरांची. बारा वर्षांत सव्वीस हजार किलोमीटर, आणि मीटर खरा. फाइलमध्ये सगळी कागदपत्रं, दोन्ही चाव्या, गाडीचं मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत. सरांनी चहा दिला, गाडीवर जीव असल्याचं दिसत होतं. मुलीने तर मनातल्या मनात गाडी घेऊनच टाकली. सगळ्या पुण्यात गाडीचा भाव ज्या गोष्टीवर वाढतो ती, कमी रनिंग, इथे होती. पण मी टायर बघितले. नक्षी भरपूर शिल्लक, मात्र बाजूच्या रबरावर बारीक चिरा. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. हे टायर गाडीबरोबरच आलेले होते, बारा वर्षांपूर्वीचे. टायमिंग बेल्ट तसाच, कारण "किलोमीटर कुठे झालेत?" असं सरांना वाटत होतं. बेल्ट नुसत्या किलोमीटरने संपत नाही, वर्षांनीही संपतो. ब्रेक ऑइल काळं, कूलंटमध्ये गंज, बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. महिन्यातून एकदा मंडईपर्यंत जाणारी गाडी कधी पुरती तापतच नाही. इंजिनात साठलेली ओल बाहेर पडत नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस धरतो, सायलेन्सर आतून गंजतो. सरांनी काहीही लपवलेलं नव्हतं, त्यांनाच यातलं काही माहीत नव्हतं. मी त्यांना खर्चाचा अंदाज लिहून दिला. त्यांनी तो भावातून कमी करायची तयारी दाखवली असती तर ती गाडीही चालली असती. पण "एवढी कमी चाललेली गाडी" म्हणून त्यांची अपेक्षा पहिल्या गाडीपेक्षाही जास्त होती आणि ते भावावरून हलले नाहीत. त्यांच्या जागी ते बरोबर होते.

तिसरी गाडी सासवडच्या एका विमा प्रतिनिधीची. मीटरवर एक लाख अठरा हजार. मुलीचा चेहरा उतरला. छपरावरचा रंग उन्हाने फिका झालेला, मागच्या दाराला पोचा. दादांनी स्वतःहून सांगितलं, "पोचा गुऱ्हाळाच्या ट्रॅक्टरचा आहे, डावीकडची काच हळू वर जाते आणि एसीचा गॅस गेल्या उन्हाळ्यात भरलाय." आम्ही एक प्रश्न विचारायच्या आधी तीन दोष कळले. मग त्यांनी बिलं काढली. दर दहा हजारांना सर्व्हिसिंग, सगळं एकाच ठिकाणी, मीटरचा आकडा प्रत्येक बिलावर वाढत जाणारा. क्लच ऐंशी हजारांना बदललेला, टायर दोन वर्षांपूर्वीचे. हा माणूस पुरंदर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर गाडीने फिरून पोट भरत होता. गाडी बंद पडली तर त्याचा दिवस बुडायचा, म्हणून त्याने ती कधी बंद पडू दिली नव्हती. "एव्हरेज किती?" विचारलं तर म्हणाले, "एसी लावून सतरा, बिनएसी एकोणीस." जो मालक न अडखळता पंचवीस सांगतो त्याच्या बाकी उत्तरांकडेही मी संशयाने बघतो.

गाडी थंड होती. पहिल्या सेलला उठली. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून वर तळहात धरला, आतून जोराचा मारा येत नव्हता. तो येतो तेव्हा पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतात, आम्ही त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो, आणि असं इंजिन विद्यार्थ्याने घेऊच नये. दिवे घाटात नेली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर नुसता इंजिनाचा आवाज वाढून गाडीचा वेग वाढला नाही तर क्लच प्लेट संपलेली असते. इथे गाडी सरळ ओढत होती. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवली, तर उजवीकडे टकटक आली. ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. दादांना तो आवाज ठाऊक नव्हता, ऐकवल्यावर त्यांनी लगेच मान्य केला आणि भावातून कमी केला. नंतर माझ्या रॅम्पवर चढवून खालून पाहिली. स्टेपनीच्या खड्ड्यात गंज नाही, पत्रा कारखान्यातून आला तसा. दारांचं रबर ओढून पिलरवरचे वेल्डिंगचे ठिपके बघितले, सगळे एका अंतरावर, गोल, स्वच्छ. ही गाडी कधी मोठी ठोकलेली नव्हती.

मुलीने तीच घेतली. तिला पटवायला मला वेळ लागला, आणि घरच्यांना पटवायला तिला त्याहून जास्त. बार्शीहून तिच्या वडिलांचा फोन आला, "मिस्त्री, लाखाच्या पुढं चाललेली गाडी तुम्ही लेकीला घ्यायला सांगताय?" मी त्यांना बिलं वाचून दाखवली. आपल्याकडे मीटरचा आकडा बघून गाडी ठरवतात आणि त्यामुळेच तो आकडा मागे फिरवणाऱ्यांचं फावतं. घेणाऱ्यांनी आकड्याऐवजी बिलं मागायला सुरुवात केली, तर हा धंदा आपोआप बसेल.

पुराच्या गाड्यांबद्दल मात्र मालक कितीही गोड बोलला तरी स्वतः तपासावं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर कित्येक महिने बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून राज्यभर विकल्या जात होत्या, त्यातल्या काही आमच्याही हाताखालून गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, त्याच सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढा, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. प्रत्येक पुरानंतर बाजारात अशा गाड्या येतात. सीट धुता येतात, कार्पेट बदलता येतं. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते. सीटखालचे रूळ आणि बोल्ट बघा, डॅशबोर्डखाली हात घालून वायरींचे जोड बघा, हिरवट बुरशी धरलेली असते. अशी गाडी आज चालते, सहा महिन्यांनी दिवे आपोआप लागतात, काचा अडकतात, मग एके दिवशी भर हायवेवर इंजिनाचा कॉम्प्युटर बंद पडतो. ती कितीही स्वस्त असली तरी घ्यायची नाही.

कागदपत्रं. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी, कर्ज असल्यास कुणाचं, हे दिसतं. आरसीवर मालकाचा क्रमांक असतो, दुसरा, तिसरा. चार वर्षांत चौथा मालक असेल तर प्रत्येकाने ती का सोडली याचा विचार करा. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी नंतर पांढऱ्या पाटीवर आणलेली असू शकते, तेही नोंदीत सापडतं. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि टाकीची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. थकलेले ई-चलन विकणाऱ्याने भरायचे. चॅसी नंबर स्वतः डोळ्यांनी आरसीशी जुळवून बघायचा. आणि नोंदणी कधी संपते ती तारीख बघायची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ती ५,००० झाली, त्यावर पर्यावरण कर वेगळा आणि गाडी तपासणीत पास व्हावी लागते ते वेगळंच. चौदा वर्षांची गाडी अचानक स्वस्त का मिळतेय, याचं कारण पुष्कळदा या तारखेत असतं.

विद्यार्थ्यांचा घोटाळा सगळ्यात जास्त होतो तो नावावर. मुलगा हॉस्टेलवर राहतो, पत्ता लातूरचा, गाडी पुण्याची. ट्रान्सफरला पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून तो म्हणतो, वर्षभर राहू दे आधीच्या मालकाच्याच नावावर. एजंट सही केलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म हातात देतो आणि सगळे खूश होतात. हे कुणीही करू नये. वडिलांच्या किंवा आईच्या नावावर, गावाकडच्या पत्त्यावर गाडी घ्या, पण नाव लावा. विमाही १४ दिवसांत नव्या नावावर करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा असतो, त्यामुळे हप्ता वाढेल हे धरून चाला. सौदा करताना एक रक्कम शेवटी ठेवा आणि नाव लागल्याची नोंद ॲपवर दिसली की द्या. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही, कारण यात त्याचंही भलं आहे.

ते भलं किती, हे जुनी गाडी विकणाऱ्या घरांना ठाऊकच नसतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल आहे. त्यात गाडी पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्या-चौथ्याकडे गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावावर नोंदणी होती त्याच्यावरच आली, गाडी विकून तो कधीच मोकळा झाला होता तरी. आपल्या सोसायटीत, आपल्या गल्लीत अशी कितीतरी माणसं असतील, ज्यांनी गाडी विकली, पैसे घेतले, चावी दिली आणि नाव लागलं की नाही हे कधी तपासलं नाही.

म्हणून हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या दारात दहा-बारा वर्षांची गाडी उभी आहे आणि ती आता काढायचा विचार चालू आहे, त्यांना माझी विनंती आहे. सर्व्हिसिंगची बिलं रद्दीत घालू नका, गाडीबरोबर द्या. टायर कधी बदलले, बेल्ट कधी बदलला, गाडी कुठे ठोकली, हे एका कागदावर लिहून द्या. एजंटला देण्याआधी आजूबाजूला, ओळखीत कुणी शिकणारी मुलगी किंवा मुलगा गाडी शोधतोय का ते विचारा. चार-पाच हजार कमी आले तरी चालतील. गाडी बघायला येताना त्याने मिस्त्री आणला तर वाईट वाटून घेऊ नका, इंजिन थंड ठेवा. आणि नाव त्याच्या घरी लागलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.